न्हाणीतलं ज्ञान

शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, हे मला न्हाणीत कळलं. फुलपाखरू पायांनी चव घेतं हेही तिथंच कळलं, आणि जिराफाच्या एवढ्या लांबलचक मानेत हाडं मात्र आपल्या मानेत असतात तेवढीच असतात, हेसुद्धा. पुढे मी शिकले, मास्तरीण झाले, पुष्कळ वर्षं पोरींना भूगोल शिकवला. वर्गात पोरी पेंगायला लागल्या की मी पुस्तक मिटायचे आणि न्हाणीतला माल बाहेर काढायचे. लगेच सगळ्या ताज्यातवान्या. आता माझा नातू मोबाईल घेऊन बाथरूममध्ये शिरतो तो लवकर बाहेर येत नाही. सून दारावर थापा मारते आणि मला म्हणते, आई, तुम्ही तरी बोला त्याला. मी काय बोलणार? हा रोग आमच्या घराण्यात कुठून शिरला ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि तो शिरला त्या दिवसांबद्दल माझ्या मनात अजून नुसती माया आहे.

आमचं गाव युसूफ वडगावच्या शिवाराला लागून. बाजार वडगावचा, दवाखाना केजचा, आणि लग्नाचा बस्ता बांधायचा तर अंबाजोगाई. घर धाब्याचं. पुढे ओसरी, मागे परसू आणि परसाच्या कोपऱ्यात न्हाणी. तीन बाजूंना दगडी भिंती, चौथ्या बाजूला पत्र्याचं दार, वर अर्ध्या भागावर पत्रा आणि अर्ध्या भागावर उघडं आभाळ. खाली शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात पाणी तापवायची चूल, दुसऱ्या कोपऱ्यात जमिनीत अर्धा पुरलेला रांजण. चांगल्या दिवसांत त्या चुलीवर पहाटेपासून हंडा चढलेला असायचा आणि न्हाणीतून धूर, वाफ आणि आबांच्या स्तोत्राचा आवाज असं सगळं एकदमच वर जायचं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांना स्तोत्राच्या पहिल्या दोनच ओळी यायच्या, पण त्या ते पाणी संपेपर्यंत पुरवायचे.

मग तो मोठा दुष्काळ पडला. त्याबद्दल खूप लोकांनी खूप लिहिलं आहे, मी नव्यानं काय लिहू? मला आठवतं ते एवढंच की घरातले आवाज बदलले. बैलं छावणीवर गेली म्हणून घुंगरं बंद झाली. विहिरीत पोहरा सोडला की तो पाण्यावर पडल्याचा आवाज यायचा, त्याऐवजी खडकावर आपटल्याचा यायला लागला. टँकरचा भोंगा वाजला की गावभर कळश्यांचा खणखणाट उठायचा. जेवणात रेशनवरच्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी आली. ती गरम असेपर्यंत भाकरी असायची आणि गार झाली की ढलपी. तिच्याबरोबर हुलग्याचं माडगं, नाहीतर रानातल्या तरवट्याची भाजी. माझी माय त्या भाजीत लसूण अशी काही करपवायची की वासानं शेजारची पोरं ताटली घेऊन ओसरीवर यायची. आम्ही उपाशी नव्हतो. आबा गावच्या सोसायटीचे चेअरमन होते, रेशनचं दुकान आमच्याच पुढच्या खोलीत होतं, आणि कारखान्याचे सभासद म्हणून थोडी साखर मिळायची. तुटवडा होता तो पाण्याचा, आणि पाण्याचा सगळा कारभार मायच्या हातात होता.

मायचं राज्य कडक होतं. न्हाणीतल्या रांजणात वापराचं पाणी, आणि माणशी एक डबा अंघोळीला. वनस्पती तुपाचा रिकामा डबा हे तिचं माप. ती स्वतः डबा भरून द्यायची आणि मगच दार ओढून घ्यायला सांगायची. न्हाणीची मोरी भिंतीतून बाहेर निघत होती, तिथं खाली तिनं घमेलं ठेवलेलं. अंगावरून वाहिलेलं पाणी त्यात जमायचं आणि ते शेळीला जायचं. कुणाची अंघोळ झाली की माय घमेल्यात डोकावून बघायची. पाणी बघून तिला माणूस कळायचा. ‘‘दिगंबरनं डोसक्यावरून घेतलंय आज,’’ ती म्हणायची. दिगंबर म्हणजे माझा थोरला भाऊ. तो पाझर तलावाच्या कामावर हजेरी घ्यायला होता आणि आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी घरी यायचा.

या अशा दिवसांत दादाचं लग्न झालं आणि वैनी घरात आली. कुसुमवैनी अंबाजोगाईची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. जेवणावळी नव्हत्याच. गूळ-शेंगदाणे वाटले आणि अक्षता टाकल्या. वैनी बोलायची फार कमी. मी तिच्या कमरेएवढी, तरी मला ‘वन्सं’ म्हणायची आणि मला ते इतकं आवडायचं की मी विनाकारण तिच्यासमोरून जायची. दळण, सडा-सारवण, भाकरी, सगळं तिला छान यायचं. मायला तिच्याबद्दल एकच तक्रार होती. वैनी न्हाणीत गेली की बाहेर यायचं नाव घेत नसे.

न्हाणीतली चूल थंडच होती, कारण तापवायला पाणीच नव्हतं. त्या चुलीवर सोसायटीची रद्दी रचून ठेवलेली असायची. रेशनची साखर बांधायला पुड्या लागायच्या. त्यासाठीची रद्दी रहीमचाचा अंबाजोगाईहून सायकलवर आणायचे. मूळचे ते फळवाले. त्या वर्षी झाडालाच फळ नाही म्हटल्यावर ते रद्दीवर आले होते, पण माल विकायची रीत तीच राहिलेली. ‘‘देख बेटी शकू,’’ गठ्ठ्यावर थाप मारून ते मला म्हणायचे, ‘‘एकदम ताजा माल हाय. फकस्त दोन सालाचा.’’ कोठीत उंदरं, ओसरीत पोती, म्हणून ती रद्दी न्हाणीतल्या चुलीवर. जुनी वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, मुलांची मासिकं, शेतकीची पत्रकं, काय वाट्टेल ते त्यात असायचं.

एके दिवशी आबांनी पुड्यांसाठी कागद मागितले. वैनी न्हाणीत होती. मी दाराबाहेरून हाक मारली, उत्तर नाही. पत्र्याच्या दाराला कडी नव्हती, आतून नुसता दगड लावलेला असायचा. मी दार ढकललं, दगड सरकला, आणि मी आत बघते तर वैनी नेसत्या लुगड्यानिशी पाटावर बसलेली, केस कोरडे, फरशी कोरडी, वरून आभाळाचा उजेड थेट मांडीवरच्या अंकावर पडलेला. शेजारी डब्यात पाणी तसंच्या तसं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं ही आता रडते. पण ती म्हणाली, ‘‘वन्सं, दार लावा आदी.’’

मी दार लावलं. मग तिला राहवेना. अंकातल्या चौकटीवर बोट ठेवून ती कुजबुजली, ‘‘वन्सं, समुद्रात अष्टपाद म्हणून एक जनावर हाय, त्याला तीन काळजं असत्यात.’’

‘‘तीन? कावून?’’

‘‘कावून ते फाटलंय.’’

हसू दाबता दाबता मी फरशीवर कोलमडले. त्या दिवसापासून मी तिच्या कटात सामील झाले. ‘वैनी, माजी पाठ चोळ’ असं मोठ्यानं म्हणत मी तिच्यामागून न्हाणीत शिरायची. ती वाचायची, मी ऐकायची. कधी मी वाचायची, ती ऐकायची. वाळवंटात एक उंदीर असतो, तो जन्मभर पाण्याला तोंड लावत नाही. आफ्रिकेत एक मासा आहे, तळं आटलं की तो गाळात शिरून झोपतो आणि पाणी आलं की उठतो. उंटाच्या मदारीत पाणी नसतंच, चरबी असते. हे उंटाचं आम्हाला दोघींनाही पटलं नाही, आम्ही त्या कागदावर बराच वेळ वाद घातला. वाचून झालेले कागद पुड्यांना जायचे. आबा तागडीत साखर तोलायचे, मी पुडी धरायची, आणि पुडीवर आमचाच जिराफ दिसला की मी आत वैनीकडे बघायची आणि ती पदर तोंडाला लावायची. एवढ्या सगळ्या माणसांच्या घरात आपल्या दोघींचंच असं काहीतरी आहे, याचा मला किती आनंद व्हायचा ते सांगता येत नाही. माझ्या बाळपणातला सगळ्यात सुखाचा काळ कुठला असं कुणी विचारलं तर मी दुष्काळाचा म्हणते, आणि लोकांना ते बरं वाटत नाही.

पण डब्यातल्या पाण्याचं काय? तर वैनी त्यातलं तांब्याभर घ्यायची, हात-पाय-तोंड धुवायची, लुगडं बदलायची, केसांवरून ओला हात फिरवायची आणि उरलेलं सगळं पाणी हळूच परत रांजणात ओतायची. सुरुवातीला एक दिवस वाचण्याच्या नादात तिची अंघोळ राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की अंघोळ केली नाही तर तो वेळही वाचनाला मिळतो आणि पाणीही वाचतं. पाणी वाचवल्याचं तिला मनापासून समाधान होतं. चार दिवसांनी एकदा ती खरीखुरी अंघोळ करायची.

बाहेरचं घमेलं त्यामुळे जवळजवळ कोरडं राहायचं. मायनं त्यातून भलताच अर्थ काढला. ‘‘घटकाभर ठिबकत बसती ती,’’ ती आबांना म्हणाली, ‘‘पानी समदं फरशीच्या फटीत जिरतं, घमेल्यापतूर येतच न्हाई. शेळीनं काय प्यावं?’’ त्याच वेळी रांजण मात्र पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरायला लागला होता. त्याचं श्रेय माय शेजारणींसमोर आपल्या कारभाराला द्यायची.

बाजाराच्या दिवशी दादा आला तेव्हा मायनं जेवताना विषय काढला. कारखान्यावर बॉयलर पेटवायचा कार्यक्रम जवळ आला होता. ऊस निम्मा वाळून गेलेला, पण उभा होता तेवढा तरी गाळायचा असं ठरलं होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पूजेला सभासदांच्या घरातलं एक नवं जोडपं बसवायचं, आणि आबांच्या शब्दाखातर तो मान दादा-वैनीला मिळाला होता. माय म्हणाली, ‘‘पूजा झाली की तिच्या भावाला तिकडंच बोलवा. तसंच म्हायेरी जाऊं दी. पाऊस पडंस्तवर ऱ्हाऊ दी तिकडंच.’’

आबांचा घास हातातच राहिला. ‘‘आगं, नवी सून. लोक काय म्हनतील?’’

‘‘लोकं काय टँकर धाडनार हायत का? माजं काय वैर न्हाई तिच्याशी. पन तिची अंघूळ ह्या घराला परवडंना.’’

दादानं ताटातून मान वर केली नाही. मायपुढं त्याचं कधीच काही चाललं नाही. मी मात्र जेवण टाकून उठले. दुष्काळात नवी सून माहेरी धाडली की गावात त्याचा एकच अर्थ काढायचे, सून नासकी निघाली. शिवाय वैनीच्या माहेरी दोन भावजया आणि दोनच खोल्या, तिथं हिला कोण विचारणार होतं? पाऊस तरी कधी पडणार, ते कुणाला माहीत होतं?

वैनी चुलीपुढं बसून हे सगळं ऐकत होती. मी तिला परसात ओढून नेलं आणि म्हटलं, ‘‘चल, मायला सांगू. तू पानी परत ओततीस म्हनून सांगू.’’

तिनं माझा हात घट्ट धरला. ‘‘आन् मंग अंघूळ कुठं करते म्हनून सांगू, वन्सं? रोज पारोशी चुलीला शिवते, देवाला फुलं घालते, आबांना भाकर वाढते, हे सांगू? पानी नासनारी म्हनून म्हायेरी गेले तर पाऊस पडल्यावर परत तरी येईन. पारोशी म्हनून गेले तर कोन आनील?’’

आज कुणाला हे कळणार नाही कदाचित. माझ्या सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, एवढंच? पण त्या वेळी आमच्या घरात अंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ जायचं नाही, हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं होतं. पाण्याचा दुष्काळ पडला तरी त्या नियमाला कुणी हात लावला नव्हता. डबाभर का होईना, पण अंघोळ. मी रात्री आडवी झाले ती उशीत तोंड खुपसून रडले. वैनी जाणार आणि न्हाणीत मी एकटी बसणार, हे मला सहन होत नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सोसायटीच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून निघालो. ट्रॉलीत पोतं अंथरलेलं, त्यावर आम्ही बायका-पोरी, आणि मधोमध वैनीची ट्रंक. त्या ट्रंकेकडं सगळ्यांची नजर जायची आणि तिच्याबद्दल कुणीच बोलायचं नाही. कारखान्याची चिमणी लांबून दिसायला लागली. फाटकाला आंब्याचे टहाळे लावलेले, तेही वाळके. आत वंगणाचा आणि जुन्या मळीचा वास. बॉयलर म्हणजे मला मोठी चूल वाटली होती, पण ती तर आमच्या घरापेक्षा उंच निघाली. भटजींनी मंत्र म्हटले, दादानं नारळ फोडला, वैनीनं हळद-कुंकू वाहिलं, आणि दोघांनी मिळून पेटता पलिता आत टाकला. आत काहीतरी धडधडलं. पुरुषमंडळी टाळ्या वाजवून भाषणांकडे वळली आणि आम्ही बायका शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर बसलो. शेडच्या दाराशी वैनीचा भाऊ येऊन उभा होता. वडगावहून दुपारची एस.टी. धरायची होती त्याला.

तिथं कारखान्याच्या चेअरमनच्या बायको होत्या, ठसठशीत नथ घातलेल्या, आवाजानं शेड भरून टाकणाऱ्या. सगळ्या त्यांना काकी म्हणत. काकी म्हणाल्या, ‘‘पूजेच्या जोडीनं नाव घ्यायला पायजे. उठ गं पोरी.’’

वैनी लग्नात नाव घेतानासुद्धा एवढ्या हळू बोलली होती की ते दादालाही ऐकू गेलं नव्हतं. माय माझ्या शेजारी बसली होती. ती पुटपुटली, ‘‘बोलती का आता ही.’’ वैनी उभी राहिली. तिनं दाराशी उभ्या भावाकडं बघितलं, बाहेर ट्रॉलीतल्या ट्रंकेकडं बघितलं. जायचंच आहे तर आता कशाला भ्यायचं, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं, असं मला वाटतं. पदर सावरून ती खणखणीत आवाजात म्हणाली,

‘‘समुद्रात राहतो अष्टपाद, त्याला काळजं असतात तीन,
माझं एकुलतं एक, तेही दिगंबररावांच्या अधीन.’’

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग शेड असं काही हसलं की पत्रा थरथरला. ‘‘तीन काळजं? कुनाला गं?’’ ‘‘आवं, एकच सांभाळाया जड जातं!’’ काकी गुडघ्यावर हात आपटून हसत होत्या. ‘‘आनखी एक! आनखी एक घे!’’

वैनी हसली नाही. तिचा आवाज थोडा खाली आला.

‘‘तळं आटलं तरी मासा गाळात काढतो कळ,
दिगंबररावांचं नाव घेते, पाऊस येईस्तोवर देवा दे बळ.’’

या वेळी कुणी हसलं नाही. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. माशाचं खरं का, असं कुणीतरी विचारलं, आणि वैनीनं मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तो मासा गाळात कसा शिरतो, तोंडापुढं हवेला वाट कशी ठेवतो, पाण्याची वाट बघत महिनोन्महिने कसा पडून राहतो. बायका तोंडाचा आ करून ऐकत होत्या. सगळ्यांना तो मासा आपल्या घरातला वाटला. काकी मायकडे वळून म्हणाल्या, ‘‘आवो, कुठून आनली ही सून? माज्या घरात तीन हायत, तिन्हींना मिळून एवढं येत न्हाई.’’ मायची मान ताठ झाली. ‘‘अंबाजोगाईची हाय,’’ ती म्हणाली, जणू ते गाव तिनंच वसवलं होतं.

‘‘हे समदं शिकलीस कुठं गं, पोरी?’’ काकींनी विचारलं.

वैनी बोलण्याच्या भरात होती. तिच्या तोंडून निघून गेलं, ‘‘न्हानीत.’’

पुन्हा हशा पिकला. सगळ्यांना वाटलं ही विनोद करते आहे. पण माय हसली नाही. तिनं वैनीचा हात धरून तिला खाली बसवलं, आपल्या आणि माझ्या मधे, आणि आवाज खाली आणून विचारलं, ‘‘न्हानीत बसून वाचतीस तू?’’

‘‘हो, आत्याबाई.’’

‘‘आन् पानी? डब्यातलं पानी?’’

‘‘रांजनात परत ओतते.’’

मायच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू हलायला लागल्या. मला दिसत होतं, ती मनात रांजण मोजत होती. इतके दिवस पुरलेला रांजण, कोरडं घमेलं. आणि मग तिनं तो प्रश्न विचारलाच. ‘‘मंग अंघूळ?’’

वैनीनं मान खाली घातली. मी मधे तोंड घातलं, ‘‘माय, ती हात-पाय-तोंड धुती. लुगडं रोज बदलती. खरंच.’’

भाषणाच्या टाळ्या लांबून ऐकू येत होत्या. मायनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, काकींची पाठ आहे याची खात्री केली, आणि पदराआडून अगदी वैनीच्या कानाला लागून म्हणाली, ‘‘हळू बोल जरा. मी बी चार दिसांनीच करते.’’

मी मायच्या तोंडाकडं बघतच राहिले. माय सगळ्यांच्या आधी उठायची, आम्ही जागे व्हायच्या आत तिची अंघोळ झालेली असायची, असं आम्ही जन्मभर धरून चाललो होतो. ती कुणी पाहिली होती?

‘‘तुमी बी परत ओतता, आत्याबाई?’’ वैनीनं विचारलं.

‘‘मंग काय करू? तुमाला समद्यांना पुरायला नगं?’’ माय म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. वैनी तिच्याकडं बघून हसायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. मी दोघींच्या अंगावर पडून हसत होते. ‘‘काय झालं गं तुमाला?’’ काकी म्हणाल्या. ‘‘काय न्हाई,’’ मायनं कसंबसं सांगितलं, ‘‘त्या माशाची आटवन आली.’’

वैनीचा भाऊ दारातून घड्याळाकडं बघत पुढं आला. एस.टी.ची वेळ झाली होती. माय डोळे पुसत उठली. ‘‘आवं पावनं,’’ ती त्याला म्हणाली, ‘‘च्या घ्या, पेढा घ्या आन् निवांत जावा घरी. सून आमची कुठं जात न्हाई. आमच्या रांजनाला तिच्याबिगर कोन हाय?’’ त्या बिचाऱ्याला यातलं काहीच कळलं नाही. त्यानं पेढा खाल्ला आणि गेला. दादाला तर त्याहूनही कमी कळलं, पण परत येताना ट्रॉलीत ट्रंक आहे आणि तिच्यावर माझी माय आणि त्याची बायको शेजारी शेजारी बसल्या आहेत हे बघून तो वाटभर स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला शिट्टी वाजवून दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय न्हाणीत गेली आणि थोड्या वेळानं आतून हाक आली, ‘‘कुसुम! शकू! या गं हिकडं.’’ आम्ही धावलो. मायला अक्षर येत नव्हतं. ती पाटावर बसली होती, मांडीवर एक जुना अंक उघडलेला, आणि तिनं उंदराच्या चित्रावर बोट ठेवलं होतं. ‘‘ह्याचं काय लिवलंय, वाच बरं. शेपटी बघ की त्याची, केवढी!’’

वैनीनं वाचलं, की हा वाळवंटातला उंदीर जन्मभर पाणी पीत नाही, खाल्लेल्या दाण्यातूनच त्याला लागेल तेवढा ओलावा मिळतो.

माय विचारात पडली. ‘‘कधीच न्हाई?’’

‘‘कधीच न्हाई, आत्याबाई.’’

‘‘अंघूळ?’’

‘‘ती बी न्हाई. वाळूत लोळतो.’’

‘‘आरं द्येवा,’’ माय म्हणाली, ‘‘असली सून बघायला पायजे होती.’’

वैनी हसून हसून चुलीला टेकली. तेवढ्यात बाहेर आबांच्या खडावा वाजल्या आणि दारावर थाप पडली. ‘‘आगं, कोन हाय आत? किती येळ? सोसायटीत मानसं थांबली माजी.’’

आम्ही तिघी श्वास धरून बसलो. मायनं तोंडावर बोट ठेवलं. मग तिनं तांब्या उचलला, त्यातलं पाणी वरून डब्यात ओतलं, डब्यातलं परत तांब्यात घेतलं, पुन्हा डब्यात ओतलं, आणि चांगला मोठा आवाज काढत ओरडली, ‘‘अंघूळ चाललीय!’’